राबात गेलेली अंडी

किलीफिश हे टाकीत पाळायचे छोटे मासे जेमतेम वर्षभर जगतात. पण त्यांची अंडी ओलसर काथ्याच्या भुशात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाण्यात टाकली की पिल्लं बाहेर येतात. माझी शेवटची जोडी मेली, तेव्हा तिची अंडी भुशासकट पिशवीत बांधून मी किन्हवलीच्या घरी फळीवर ठेवली होती.

चैत्रात बाबांनी राब भाजला. भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून पेटवताना ती पिशवीही त्यांनी वर रिकामी केली.

मी नको नको ते बोललो.

"भुसा वाटला रे, मला काय ठावं," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी ते ओढ्यावरून तांब्या घेऊन आले. आत बोटाएवढे चार मासे होते. "हे घाल तुझ्या टाकीत."

मी तांब्या त्यांच्यासमोर मोरीत ओतला. त्यांनी वाकून एकेक मासा उचलला, पुन्हा तांब्यात घातला आणि परत ओढ्याकडे निघाले.

यंदा बाबा नाहीत. राब मीच भाजला आणि हातपाय धुवायला ओढ्यावर गेलो. चैत्रात पाणी उरतं ते पार खालच्या डोहात. उतरताना माझेच पाय लटपटले. त्यांचे तर गुडघे दुखायचे.