झोपेत हललेली शेपूट

आमच्या खाली टेलर मास्तरांचं दुकान आहे. मी तिथे शिवून घ्यायला कमी आणि ऐकून घ्यायला जास्त जाते. टेप माझ्या कमरेला पुरता पुरत नाही, पण मास्तर म्हणतात, ‘वहिनी, असं माणूस मिळायला कापडाचंही नशीब लागतं.’ इस्त्रीची वाफ आरशावर चढते आणि त्या धुक्यात मी खरंच बारीक दिसते. एवढ्यासाठी मी धडधाकट बाह्या घरी उसवून खाली नेते.

परवा दुपारी मी अशीच एक बाही घेऊन गेले होते, तेव्हा त्यांच्या लेकीने एकटीने बेतलेला पहिला कोट बापाच्या अंगावर चढवला. तो जमला तर दुकानात बसायचं, नाहीतर दुसरीकडे नोकरी धरायची, असं तिने ठरवलं होतं. मास्तर आरशासमोर गोल फिरले. ‘काय तुझा हात, बाळ. हा कोट घालून माणूस चालणार नाही, तरंगेल.’

‘असं तुम्ही मावशींनाही म्हणता,’ लेक म्हणाली. ‘नुसतं लांगूलचालन.’

मला कुठलं राहवतंय. ‘अगं, लांगूल म्हणजे शेपूट,’ मी म्हटलं. ‘तुकडा टाकणाऱ्यापुढे कुत्रं शेपूट हलवतं, त्यावरून आला तो शब्द. तू बापाला कसला तुकडा टाकणार?’

‘मी दुकानात राहावं, हाच तुकडा.’

मास्तरांनी तोंड दाराकडे फिरवलं. उन्हाच्या पट्ट्यात दोऱ्यांची कुसळं संथ तरंगत होती. उंबऱ्याशी त्यांचं म्हातारं कुत्रं गाढ झोपलं होतं, आणि झोपेतच त्याची शेपूट हळूहळू फरशीवर आपटत होती. आम्ही तिघंही बघत राहिलो.

‘आता त्याला कोण तुकडा टाकतंय?’ मास्तर पुटपुटले. मग त्यांनी कोट काढला, टेबलावर पसरला. ‘डावा खांदा ओढतोय. बाही उसवून पुन्हा बसवावी लागेल.’ कॉलरवर मात्र त्यांचा अंगठा बराच वेळ रेंगाळला. ‘कॉलरला हात लावू नकोस. मला अशी बसवता येत नाही.’

लेकीचे कान लाल झाले. ती बापाची कात्री ओढून बाही उसवायला बसली.

‘आणि माझ्या बाहीचं?’ मी विचारलं.

‘चांगली आहे हो ती, वहिनी. उगाच उसवत जाऊ नका.’

काय बाई हा कोरडेपणा. मी जिना चढू लागले. वर पोचेपर्यंत खाली मशीन सुरू झालं होतं. वाकून पाहिलं, तर मास्तर दारात कुत्र्याशेजारी नुसते बसले होते.