ताऱ्यांची उलटतपासणी

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात असा एकही फ्रिज नसेल, ज्याच्या दारावरच्या वीजबचतीच्या ताऱ्यांकडे आमच्या थोरल्या साडूंनी संशयाने पाहिलेले नाही. लोक लग्नघरी जाऊन नवरी बघतात, हे स्वयंपाकघरात शिरून फ्रिजवरचे लेबल वाचतात. वर्षाला युनिट किती, तारे किती, लेबल कोणत्या सालचे, सगळे वाचून झाले की चष्मा कपाळावर सरकवून यजमानाला विचारतात, "लिवलं आहे खरं. पन तपासलं कोनं?" यजमान बिचारा हातात अक्षता घेऊन ताटकळत असतो.

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत त्यांनी जन्मभर मोजमापाची यंत्रे दुरुस्त केली. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला जातात; यांनी युनिट मोजणारे एक मीटर आणि लांब वायरीचे तीन थर्मामीटर घेतले आणि नातेवाइकांचे फ्रिज तपासायला घेतले. दक्षिणा काही नाही, पण सोवळे कडक. आधी फ्रिज रिकामा करायचा, म्हणजे घरची भाजी, दूध, भिजवलेली कणीक सगळे शेजाऱ्यांकडे वनवासाला. मग खणाखणात पाण्याचे पेले, पेल्यांत थर्मामीटर, दारावर कागदाची पट्टी, पट्टीवर साडूंची सही आणि चोवीस तास दार उघडायला मनाई. एकदा सासूबाईंनी विरजणासाठी पट्टी सोडवली, तर चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. सासूसमोर जावयाने आवाज चढवायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून हात जोडून म्हणाले, "आई, देवाचं दार पायजे तेवढ्या वेळा उघडा, पन हे नोका उघडू." मे महिन्यात मात्र ते मीटरला हातही लावत नाहीत. "लेबलवाल्यानं बत्तीस डिग्रीच्या खोलीत मोजलं, आन आपन चव्वेचाळीसमधी मोजून त्याले झूठा म्हनाचं? ये तो सरासर नाइन्साफी है!" चिडले की ते हिंदीत जातात. मी त्यांची पुष्कळ थट्टा करतो, पण एका निर्जीव कपाटाला इतका न्याय देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

म्हणूनच मागच्या ऑक्टोबरात जे घडले ते मनाला लागले. मी नवा फ्रिज घेतला, तोही मदनच्या दुकानातून. मदन हा साडूंचा शाळेपासूनचा दोस्त. रोज संध्याकाळी साडू त्याच्या दुकानात बसत, दोघे चहा पीत आणि एकमेकांची अक्कल काढत. फ्रिज आला त्याच दिवशी साडू मीटर घेऊन हजर झाले. सोबत परसवाड्याकडच्या शेतातल्या जुन्या चिन्नोर तांदळाचे पोतेही आणले होते. ते त्यांनी स्वतःच्या हाताने कोपऱ्यात ठेवले आणि तपासणी लावली. दुसऱ्या दिवशी आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. लेबलावरून हिशेब केला तर फ्रिज दीडपट वीज खात होता. त्यांनी आणखी दोनदा मोजले. आकडा हटेना.

रविवारी भर बाजारात, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले असताना साडू म्हणाले, "मदन, तुह्या दुकानातले तारे खोटे आहेत." तिरोडीहून लेकीच्या लग्नासाठी फ्रिज घ्यायला आलेले एक जोडपे पायरीवरूनच परत गेले. बोलणे बाजारभर झाले आणि जो तो त्याला विचारू लागला, "काहून बे, तुह्या इथं झूठा माल असते म्हनतेत?" पंधरा दिवस साडू दुकानाकडे फिरकले नाहीत. घरी बसून तक्रारीचा अर्ज लिहीत होते.

तो अर्ज मला वाचून दाखवायला ते आमच्याकडे आले. तेवढ्यात माझी बायको भातासाठी तांदूळ काढायला गेली आणि आतूनच म्हणाली, "भाऊजी, हे पोतं इतकं गरम काहून लागून राह्यलं?"

साडू उठले. पोते फ्रिजच्या कुशीला आणि पाठीला घट्ट चिकटून होते. फ्रिजची उष्णता त्याच्या अंगातून बाहेर पडते, त्याला चहूकडून मोकळी जागा हवी, हे साऱ्या गोतावळ्याला घसा कोरडा होईस्तोवर सांगणाऱ्या माणसाने त्याच जागेत आपल्या हाताने पोते कोंबले होते. पोते हलवून त्यांनी पुन्हा चोवीस तास मोजले. हिशेब लेबलाशी जुळला. त्यांनी अर्ज फाडला आणि म्हणाले, "रविवारी चाला माह्यासंगं."

मी म्हटले, "भाऊ, रविवारी गर्दी असते. उद्याच जाऊ, निवांत."

"गर्दीतच बोललो होतो ना मी?"

रविवारी दुकान भरलेले होते. साडू मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "आयका हो! ह्याचा फ्रिज खरा आहे. पोतं म्याच लावलं होतं. गलती माही आहे." लोक हसले. मी मान खाली घातली. मदनने एक खुर्ची पुढे ओढली आणि चहा मागवला.

चहा आला. मग साडूंनी विचारले, "गिऱ्हाईक लय तुटले का रे?"

"तुटले थोडे. येतीन ते," मदन कप पुसत म्हणाला. "पन पंधरा दिवस तू नाई आला ना, ते लय जड गेलं मले."

साडूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. माझ्याही आयुष्यात मी दोन-चार माणसांना चारचौघांत खोटे ठरवले आहे. त्यांतल्या एकाच्याही दारी मी परत गेलो नाही, आणि आता जायचे म्हटले तरी त्यांतले दोघे उरलेले नाहीत.