अपेक्षा, साडेतीन किलोमीटर

आमचा मामा किल्ल्या बनवायचा. पुलाखाली पत्र्याची टपरी, एवढीशी, की मामा आत बसला की पाय बाहेर. मागं खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, पुढं लहानमोठ्या कानशी, आणि पितळेचा कीस पार भुवयांत. कुणाचं दार अडकलं की फोन यायचा. मग भाचीनं फोनात घालून दिलेला नकाशा उघडायचा, माइकचं चित्र दाबायचं, पत्ता बोलायचा आणि आतली बाई सांगेल तसं जायचं. फोनातलं त्याला एवढंच यायचं. म्हणून काहीही विचारायचं झालं तरी तो नकाशालाच विचारायचा.

मामी गेली त्याच्या आदल्या दुपारी मामा तिच्या पायाशी बसला होता. तर ती म्हणाली, "अहो, आता तुमच्याकडून माझी काही अपेक्षा नाही." म्हणताना हसली की तोंड वाकडं केलं, ते उशीआड मामाला नीट दिसलं नाही. सकाळी मामी गेली, आणि ते वाक्य मामाच्या मानगुटीवर बसलं.

आता बघा, असं वाक्य माणूस दोन्हीकडून बोलतो. पोट भरलं तरी बोलतो आणि ताट भिरकावलं तरी बोलतो.

मामाची बहीण म्हणाली, "तृप्त होती रे ती."

शेजारचा शिंपी टाचण्या तोंडात धरून म्हणाला, "छे! माझी बायको हेच बोलली आणि माहेरी गेली."

"मग?"

"मग काय, सात वर्षं झाली."

मामाचं अन्न तुटलं. कुलूप उघडता उघडता हात थांबायचा. एकदा एका गिऱ्हाइकाला दारातच विचारलं, "ताई, अपेक्षा म्हणजे नक्की काय हो?" ती म्हणाली, "दार उघडा, हीच अपेक्षा. आत दूध उतू चाललंय!"

शेवटी त्यानं फोन तोंडाशी धरला. पण एकदम तो शब्द काढायचा धीर होईना. म्हणून आधी सोपे सोपे विचारून बघितले, बाईला किती कळतं ते. "समाधान," मामा म्हणाला. फोन म्हणाला, "समाधान झेरॉक्स, तिसरा मजला." मामा जाऊन आला. लिफ्ट नव्हती. "सुख" म्हणाला तर गाद्यांचा कारखाना निघाला, कायमचा बंद. "विरक्ती" म्हणाला तर फोननं उलट विचारलं, "तुम्हाला विक्री म्हणायचं आहे का?"

"मामा, अरे, हा नकाशा आहे. तो दुकानं दाखवतो," भाची म्हणाली.

"मग बरंय की. दुकानात माणूस असतो. माणसाला विचारता येतं."

भाचीनं फोन चार्जिंगला लावून दिला.

मग एका सकाळी छातीचा कोट करून तो शब्द बोलला. फोन म्हणाला, "अपेक्षा. साडेतीन किलोमीटर. आता उघडं आहे."

मामा पिशवी उचलून निघाला. घाईत टपरीला कुलूप लावायचं राहिलं. कुलूपवाल्याच्या टपरीला!

ते निघालं ब्यूटी पार्लर. आत दोन बायका तोंडाला पांढरा लेप थापून, डोळ्यांवर काकडी ठेवून पडलेल्या. मालकीणबाई पुढं आली. "फक्त लेडीज हां, काका."

"मला फक्त विचारायचंय. अपेक्षा आहे का?"

"आहे ना. माझ्या सासूबाई. आत बसल्यात. पण त्यांना ऐकू येत नाही."

मामा मटकन स्टुलावर बसला. म्हणाला, "वाटलंच होतं मला."

सासूबाई स्वतःच बाहेर आल्या. ऐंशीच्या घरातल्या, अंगात झालरीचा झगा, आणि कानाला तळहात लावलेला. मामानं सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं, त्यामुळं काकडीवाल्यांनीही ऐकलं.

"बायको असं बोलली, तेव्हा काय करत होतास तू?"

"तिच्या पायाची नखं घासत होतो!"

"कशानं?"

"कानशीनं! बारीक दातांची, नवी होती! तिला वाकता येत नव्हतं!"

"याआधी कधी घासली होतीस?"

"नाही! एकोणचाळीस वर्षांत नाही!"

"सगळी झाल्यावर बोलली?"

मामा आठवायला लागला. बोटं मोजली. "नऊ झाली होती. मग ते वाक्य बोलली. आणि मग... मग करंगळी पुढं केली."

"काय केली?"

"करंगळी! पायाची! पुढं केली!"

म्हातारी इतकी हसली की झालर हलायला लागली. "अरे बाबा, जिची अपेक्षा संपली ती बोट पुढं करते होय? खोटं बोलली ती. एका करंगळीची होती अजून!"

लेपवाल्यांपैकी एकीच्या डोळ्यावरची काकडी खाली पडली. ती म्हणाली, "खरंय, काका."

मामा तिथंच रडला. मामी गेल्यापासून पहिल्यांदा. मालकीणबाईनं तोंड पुसायचा गरम टॉवेल दिला. तो बरा शांत झाल्यावर म्हातारीनं आपला पाय स्टुलावर ठेवला. "बघू तुझी कानस." आणि मामानं पिशवी उघडली, मांडी घातली आणि अपेक्षेची दहा नखं घासून दिली. किल्लीचे दात बघतो तसं प्रत्येक नख उजेडात धरून बघितलं.

त्या दिवसापासून मामा पोटभर जेवायला लागला. शिंप्यालाही म्हणाला, "जा, बायकोला विचारून ये, करंगळी आहे का अजून." शिंपी काही गेला नाही.

आता मामालाही जाऊन दोन महिने होतील. टपरीची एकच किल्ली होती, ती सापडत नाही. फोन भाचीकडं आहे. त्यात दिसलं, पार्लरमधून आला त्या दुपारी नकाशानं मामाला विचारलं होतं, अपेक्षा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. मामानं चार दिलेत. खाली माइकवर बोललाय, तेच उमटलंय:

"चांगली होती. करंगळी माझ्याकडून जरा वाकडी झाली."