हलवल्यानंतरचे बावीस सेकंद

कवठे महांकाळजवळच्या वाडीवरची अपेक्षा कोळेकर साताऱ्याच्या एमआयडीसीत दम्याचे पंप तपासते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण नेमकं काय तपासते, हे सांगताना तिचाच दम निघायचा. पंपातून जो फवारा उडतो, त्यातला औषधाचा कण मोठा असला तर घशातच चिकटतो. केसाच्या जाडीपेक्षा दहा-पंधरा पट बारीक असला, तरच छातीत खोल उतरतो. ते बारीकपण मोजायचं तिचं काम.

प्रयोगशाळेत त्यासाठी धातूचा हातभर उंच मनोरा होता. आत एकाखाली एक आठ चकत्या, प्रत्येकीची भोकं वरचीपेक्षा लहान. पंप वरच्या तोंडात दाबायचा, खालून मोटर हवा ओढणार. जाड कण वरच अडकतात, बारीक खाली जातात. मग एकेक चकती धुवायची आणि कुठं किती औषध सापडलं ते काढायचं.

गेले पंधरा दिवस अपेक्षाचे आकडे नाचत होते. बारीक कण आज भरपूर, उद्या निम्मे. शेजारच्या टेबलावरच्या साईराजचे मात्र त्याच पंपांवर, त्याच मनोऱ्यावर अगदी सरळ. मनोऱ्याच्या सांध्यांतल्या रबरी कड्या बदलून झाल्या, मोटर तपासून झाली. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख शिवांजली मॅडम म्हणाल्या, "अपेक्षा, थोडं लक्ष देऊन कर गं." ते तिला फार लागलं. शनिवारी ती तशीच गावी गेली.

रविवारी सकाळी तिचे वडील, भाऊसो, वाघराच्या जाळीत कोंडलेली मेंढरं मोजत होते. छाती भरून आली तसा त्यांनी खिशातला पंप काढून जोरजोरात हलवला. तेवढ्यात एक कोकरू जाळीखालून निसटलं. "आरं धरा, धरा त्याला!" ते ओरडले, कोकरू आत घातलं आणि मग पंप ओढला. अपेक्षाला मोजायची सवयच. मनातल्या मनात बावीस सेकंद झाले होते.

"आप्पा, हलवल्यावर लगेच का ओढला न्हाई?"

"आगं, हलवलाय की मगाशी! किती येळा हलवू?"

अपेक्षा जागीच थांबली. मगाशी हलवलाय! ती स्वतः काय करत होती? पंप हलवायची, खाली ठेवायची, पेन शोधायची, वहीत वेळ टिपायची आणि मग दाबायची; कधी पाच सेकंदांनी, कधी वीस. साईराज आधी दाबायचा, मग लिहायचा. पंपातलं औषध आतल्या पातळात विरघळत नाही, नुसतं तरंगतं. थोडा वेळ गेला की ते वर किंवा तळाशी जमतं!

ती टेकाडावर धावतच गेली, कारण रेंज तिथंच लागायची. "मॅडम, कण नाही बिघडले! माझ्या उशिरानं बिघडलंय!"

"सावकाश सांग. कसला उशीर?"

सोमवारी तिघांनी मिळून ठरवलं. काही पंप हलवून लगेच दाबायचे, काही दहा सेकंदांनी, काही तीस. एकेका फेरीनंतर आठ चकत्या धुवायच्या, म्हणजे तीन दिवसांचं काम. पण अपेक्षाला जेवणाचीही शुद्ध नव्हती. बुधवारी दुपारी साईराज पडद्यावरचे आकडे वाचू लागला आणि तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"लगेच दाबलेले, सरळ. दहा सेकंद... हलले. तीस..." तो खुर्चीतून उठलाच. "आयला, हे तर कुठल्या कुठं गेलं!"

शिवांजली मॅडमनी आकडे दोनदा वाचले. "मी दोष तुझ्यावर घातला होता गं," त्या म्हणाल्या. "आणि चूक तपासणीच्या नियमातच होती. हलवल्यापासून पाच सेकंदांत दाबायचं, असं कुठंच लिहिलेलं नाही. आता तू लिही. खाली सही तुझी." सही करताना अपेक्षा हसत होती.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. "आप्पा, खरं निघालं! हलवला की लगेच ओढायचा!"

"रविवारी तू सांगितल्यापासनं तसंच करतोय मी," भाऊसो म्हणाले. "आनि आता शेजारच्या हरणाबाईकडं बसलोय. तिच्याबी पंपाचं हेच चाललं हुतं. फोन ठेव, तिला शिकवायलोय."