स्पॅनिशचा भूतकाळ शिकायला तामलवाडीला

स्पॅनिशची क्रियापदं पक्की करायला कुणी तामलवाडीला जाईल का? मी गेले. मावसभाऊ सुमेध बायकोला, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या लुसीआला, घेऊन कोलंबियाहून गावी राहायला आला होता आणि माझी तोंडी परीक्षा जवळ आली होती. मोबाईलवर रूपं पाठ व्हायची. बोलायला गेलं की मी, तू, ती, काल, आज सगळ्यांची खिचडी. शनिवारी सुट्टी होती, निघाले.

धाराशिवच्या स्टँडवरून सोलापूरची बस धरली. बायकांना अर्धं तिकीट. चढतानाच कंडक्टरला विचारा. सगळ्या गाड्या तामलवाडीला थांबत नाहीत. तुळजापूरला बस निम्मी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. घाट उतरल्यावर रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना ज्वारी.

हायवेवर उतरून थोडं चाललं की कमलमावशीचं घर. सुमेध कामासाठी पुण्याला गेलेला. घरात सासू-सून दोघीच, आणि एकीची भाषा दुसरीला येत नाही.

"बरं झालं आलीस," मावशीनं मला दारातच धरलं. "सकाळपासनं बॅग घिऊन बसलीय. इचार की तिला, जायचंय का?"

लुसीआ आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं. ती भराभर बोलली. मला दोनच गोष्टी कळल्या: इच्छा आणि जाणं.

"जायचंय म्हणते," मी सांगून टाकलं.

मावशी मटकन खाली बसली. "कामाला हात लावू दिला न्हाय, इतकं जपलं. काल लईच मागं लागली म्हणून भाकरी थापाय बसिवलं. त्याचाच राग आला आसंल."

लुसीआनं तिचा चेहरा पाहिला आणि माझ्याकडं वळली. "केरीआ," ती सावकाश म्हणाली आणि हात खांद्यावरून मागं टाकला. मग "किएरो" म्हणून समोरची जमीन दाखवली, आणि नाही नाही अशी मान हलवली. तेव्हा उजेड पडला. 'जायचंय' नव्हे, 'जायचं होतं'.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी उलगडलं. पाहुणीसारखं दिवसभर बसून ती कंटाळली होती, सुमेधपाठोपाठ पुण्याला जायचं म्हणून बॅगही भरली होती. पण काल मावशीनं तिला भाकरी शिकवली. म्हणून बेत बदलला. आता ती बॅग रिकामी करत होती.

"भाकरीपायी ऱ्हायली?" मावशीनं दोनदा विचारलं आणि पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. जेवायला वांग्याचं कालवण, शेंगाची चटणी, गरम भाकरी. लुसीआची भाकरी कडेला फाटलेली. ती मावशीनं आपल्या ताटात घेतली.

दुपारभर भूतकाळच चालला. मी चुकायचे, लुसीआ हात मागं टाकायची. संध्याकाळच्या बसनं परत आले.

परीक्षा पास झाले, मार्क बेताचेच. रूपं अजून चुकतात. पण कुणाचं बोलणं दुसऱ्याला सांगायच्या आधी आता मी पुन्हा एकदा विचारून घेते. मावशीचं खचून खाली बसणं काही डोळ्यांपुढून जात नाही.

काल तिचा फोन आला. "जेवलीस का, कसं म्हनायचं गं? तू वालं सांग, तुम्ही नगं."

"कोमिस्ते?"

मावशीनं तिथूनच हाक दिली, "कोमिस्ते?"

आतून लुसीआ मराठीत ओरडली, "जेवलास!"

"जेवले म्हन, जेवले," मावशी तिला शिकवत राहिली. मी फोनवर आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं.