चिंचेखालची शिवी

आमच्या गावाबाहेर चिंचेखाली एक महाराज राहायचे. कुणी म्हणे ते तेलंगी, कुणी म्हणे वऱ्हाडातले. बोलायचे कमी आणि शिव्या द्यायचे फार. ज्याला शिवी मिळाली त्याचं भलं झालंच म्हणून समजा, अशी सगळ्या गावाची खात्री होती. त्यांच्या शिव्या खाऊन कितीकांनी शिंदी प्यायची सोडली. मुधोळहून जीपमधून आलेल्या एका साहेबाला त्यांनी जोडा फेकून मारला, तर साहेब तो जोडा कपाळाला लावून हसत परत गेला.

माझ्या धाकट्या जावेला रोज शिवी मिळायची. "आली का भवाने! काऊन आली? घरी चूल पेटत नाही का?" ती उभ्यानेच ऐकायची आणि बाया तिच्या पाया पडायच्या. सासूबाई तिला दुधावरची साय काढून द्यायच्या. थोरली मी. ज्वारीच्या भाकरी मी थापायच्या, महाराजांचा डबा मी भरायचा, आणि मला ते म्हणायचे, "या बाई, बसा." पाव्हणीला म्हणावं तसं! माझा नुसता तिळपापड व्हायचा. हिच्यात असं काय सोनं लागलंय? देवाने माझ्याकडे पाहिलंच नाही, असं वाटायचं आणि ते सोसवत नव्हतं.

एकदा ठरवलं, आज शिवी घेऊनच यायचं. पिठल्यात मूठभर जास्तीचं मीठ टाकलं आणि दोघी गेलो. महाराजांनी घास घेतला. मी मान खाली घालून वाट पाहत राहिले. त्यांनी सगळं पिठलं चाटूनपुसून खाल्लं, तांब्याभर पाणी प्याले आणि मला म्हणाले, "दमल्या असाल बाई. बसा थोड्या." मग धाकटीकडे वळून ओरडले, "मिठाचं पोतं उपडं केलं का गं, सटवे?"

परतताना कापसाच्या शेताजवळ माझा तोल सुटला.

"माझ्या मिठाची शिवीबी तूच खाल्ली!"

ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते.

"जाऊबाई, इतकी वर्षं येऊन राह्यली मी. मले एक दिवस तरी बस म्हनले का? तुमी बसता अन् मी उभ्या उभ्या जळत राह्यते."

मला तिची कीव यायला हवी होती. नाही आली. पोटात कसं गार गार वाटलं. दुसऱ्या दिवशी मी चिंचेखाली चांगली मांडी घालून बसले, आणि ऊन उतरेपर्यंत उठले नाही.