समोरच्या काकांची बुर्जी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतक्या थाटात बुद्धिबळ हरणारा माणूस अख्ख्या मुलुंडात शोधून सापडायचा नाही. दर रविवारी सोसायटीच्या हॉलमधल्या आमच्या क्लबात ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून येत, पटाला नमस्कार करत आणि पाचव्या चालीला वजीर घालवत. वर मलाच समजावत, "वजीर गेला की कसं, डाव मोकळा होतो रे." चुकून समोरच्याचा घोडा मारलाच, तर तो हातात धरून विचारत, "तुला लागणार असेल तर ठेवू का परत?" अकरा वर्षांत त्यांच्या नावापुढे अर्धा गुणसुद्धा लागला नव्हता. स्वतःसाठी त्यांना त्याचं काही नव्हतं. पण घरी नव्वदी ओलांडलेले आजोबा, म्हणजे काकांचे वडील, अंथरुणावरून मालवणीत विचारायचे, "काय झालां रे?" आणि अडुसष्ट वर्षांचे काका मान खाली घालून सांगायचे, "हरलो, बाबा." खेळ शिकवला होता तो बाबांनीच.

यंदा वर्षाचा शेवटचा डाव त्यांचा नेमका माझ्याशी पडला. मला जिंकायलाच हवं होतं. पहिला नंबर आयुष्यात एकदाच असा हाताशी आला होता. मी काकांना उसासारखं पिळून काढलं. शेवटचं प्यादं मारलं, त्यांचा राजा पटावर एकटा उरला. दोन चालींत मात होती. तेवढ्यात काका उठले आणि हात पुढे करून म्हणाले, "बुर्जी. बरोबरी झाली."

बुर्जी हा जुन्या देशी खेळातला नियम. एका बाजूचा नुसता राजा उरला की डाव तिथेच थांबवायचा, बरोबरी. आमच्या क्लबात तो कुणाच्या कानावरूनही गेलेला नाही.

"अहो काका, इथे असं काही नसतं."

"नसतं कसं? बाबांनी शिकवलंय."

पुढे केलेला हात त्यांनी काही मागे घेतला नाही. माझी वाट लागली. मी मनातल्या मनात त्यांना पोटभर शिव्या घातल्या, हात मिळवला आणि कागदावर अर्धा-अर्धा लिहून सही केली. पहिला नंबर गेला तो गेलाच, आणि त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

साक्षीदार म्हणून काकांनी मला घरी ओढत नेलं. आजोबांनी सवयीने विचारलं.

"बरोबरी, बाबा. बुर्जी झाली."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. "म्हणजे सगळां घालवलंस," ते काकांना म्हणाले. काकांचा चेहरा पडला. मग आजोबांनी आत सुनेला हाक मारली, "अगो, च्या टाक. झील माझो आज हरान नाय इलो." झील म्हणजे मुलगा, अडुसष्ट वर्षांचा.

आजोबा आता नाहीत. काका अजून दर रविवारी हरतात. पण हल्ली डाव संपला तरी उठत नाहीत, मोहरी डब्यात पुन्हा पुन्हा लावत बसतात, आणि मलाही त्यांना एकटं सोडून उठवत नाही.